पाकटाची पिल्लं आणि पिवळ्या पिशवीचा नियम: पेडण्यातल्या एका रापणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या काही किनाऱ्यांवर अजून रापण ओढली जाते. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे आणि दोन रांगांनी ते ओढत आणायचं. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा. वाटणीची ही पद्धत पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

रापणीचं लक्ष्य बांगडे आणि तारले. पण उथळ पाण्यात तळाला बसलेली पाकटं (चाबकासारख्या शेपटीचे चपटे, रुंद मासे), कधी लहान मुशी, म्हणजे छोटे शार्क, कधी पाकटाच्याच नात्यातला एखादा गिटारमासा हेही त्यात ओढले जातात. या किनाऱ्यावर काही महाविद्यालयीन मुलामुलींचा आणि स्थानिक मच्छीमारांचा एक छोटा गट अशा माशांच्या नोंदी ठेवतो. मी प्राणिशास्त्र शिकवतो. गटाचा सदस्य नाही, पण प्रश्न आला की मुलं माझ्याकडे येतात. हे प्रकरण त्या सकाळी हजर असलेल्यांशी बोलून, त्यांचे फोटो आणि वहीतल्या नोंदी पाहून लिहिलं आहे. किनाऱ्याचं नाव आणि माणसांची ओळख मुद्दाम दिलेली नाही.

आदल्या हंगामात याच रापणीत गिटारमाशाची एक गाभण मादी आली होती. वाळूवर येताच तिने पिल्लं टाकली. प्रत्येक पिल्लाच्या पोटाला बलकाची पिवळी पिशवी लोंबत होती. तेव्हा एका अभ्यासकाने मुलांना सांगितलं की पिशवी बाहेर आहे म्हणजे पिल्लाचा शिधा अजून संपलेला नाही, त्याला जन्माला बराच अवकाश होता. पिशवी आत ओढली गेली असती आणि पोटावर नुसता वण राहिला असता, तर पाण्यात सोडून बघता आलं असतं. गिटारमाशाच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. गटाने त्यावरून एक पत्रक केलं, प्लास्टिकमध्ये घालून घेतलं आणि होडीच्या शेडमध्ये लावलं. त्यावरची ओळ अशी होती: पिवळी पिशवी असेल तर पिल्लू अपुरं, पिशवी नसेल तर पूर्ण वाढलेलं, लगेच पाण्यात सोडा.

पत्रकावर माशाची जात लिहिलेली नव्हती. गिटारमाशाचा नियम सगळ्याच माशांचा झाला.

घटना

डिसेंबरातली सकाळ होती. जाळ्याची पिशवी वाळूवर आली तेव्हा तारल्यांच्या ढिगाखाली एक मोठं पाकट हललं. रुंदी हातभराहून बरीच जास्त, तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके, चाबकासारख्या शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. फोटोंवरून जात ओळखता येते: पांढऱ्या ठिपक्यांचं पाकट, शास्त्रीय नाव मॅक्युलाबॅटिस जेरार्डी. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात धोक्यातल्या जातींमध्ये मोडते. मासळी बाजारात मात्र ती रोजची आहे.

तांडेलाने, म्हणजे रापणीच्या मुख्याने, पहिल्यांदा सगळ्यांना मागे सारलं. "तिका हात लावू नकात. शेपटेक काटो आसा." मग मादी उलटी पडल्यावर तिचं फुगलेलं पोट पाहून म्हणाला, "पोटात पिल्लां आसत हिच्या."

त्याचं वाक्य संपेपर्यंत पहिलं पिल्लू शेपटीकडून बाहेर आलं होतं. पंख अळूवडीच्या सुरळीसारखे अंगाभोवती गुंडाळलेले. वाळूवर पडताच ते उलगडले आणि पिल्लू फडफडू लागलं. पर्यटक जमले, मोबाइल वर झाले. मासा किनाऱ्यावर येऊन बाळंत झाला, असं कुणीतरी मोठ्याने सांगू लागलं.

ते बाळंतपण नव्हतं, गर्भपात होता. जाळ्यात सापडलेल्या, हवेत ओढल्या गेलेल्या गाभण मादीचं गर्भाशय ताणाखाली पिल्लं बाहेर टाकतं. शार्क आणि पाकटांमध्ये हे इतकं सर्रास घडतं की २०१८ सालच्या एका आढाव्यात पिल्लांना जन्म देणाऱ्या ८८ जातींमध्ये त्याच्या नोंदी सापडल्या. समाजमाध्यमांवर कौतुकाने फिरणाऱ्या "किनाऱ्यावर जन्म" अशा कित्येक चित्रफितींमागे हेच असतं. ते कौतुक पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण बघणाऱ्याच्या मनात खरोखर माया असते आणि समोर जे चाललंय ते नेमकं उलटं असतं.

समस्या

गटातली एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी तिथे होती. तिने पत्रकाप्रमाणे पिल्लाचं पोट पाहिलं. पिशवी नव्हती. बलकाचा मागमूसही नव्हता. अंग पूर्ण बनलेलं, डोळे उघडे, शेपटी लांबलचक. पत्रकानुसार उत्तर सरळ होतं: पूर्ण वाढलेलं पिल्लू, पाण्यात सोडा.

इथेच सगळी गोम आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

आईच्या पोटात वाढणाऱ्या शार्क आणि पाकटांच्या पिल्लांना अन्न कुठून मिळतं, याला एक उत्तर नाही. काहींना अंड्यातला बलक हाच सगळा शिधा. अंडं आईच्या पोटातच उबतं, पिल्लू बलकावर वाढतं, आईकडून मिळतं ते मुख्यतः प्राणवायू आणि संरक्षण. गिटारमाशाचा भर असा बलकावर असतो. व्हेल शार्कचंही तसंच. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात तीनशेच्या आसपास पिल्लं सापडली होती, वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची. अशा पिल्लांमध्ये बलकाची पिशवी हे घड्याळ असतं. ती जितकी मोठी, तितका जन्म लांब.

आपल्या किनाऱ्यावर टोपल्यांनी येणारी लहान मुशी, स्कोलिओडॉन लॅटिकॉडस, हिचं दुसरं टोक. तिचं अंडं जेमतेम १ मिलीमीटरचं, बलक जवळपास नाहीच. गर्भ फार लवकर आईशी वारेने जोडला जातो आणि नाळेतून पोसला जातो, आपल्यासारखाच. जन्मताना पिल्लू १२ ते १५ सेंटीमीटरचं असतं. अंड्याच्या आणि जन्मत्या पिल्लाच्या सुक्या वजनाची तुलना केली तर वाढ हजारो पटींत भरते, आणि ती सगळी आईच्या अंगातून आलेली असते. इथे बलकाची पिशवी पाहून काहीच कळणार नाही. छातीच्या परांमधली नाळेची फट उघडी आहे की भरून आली आहे, ते पाहावं लागतं.

पाकटांचा मार्ग तिसरा. अंड्यात थोडा बलक असतो आणि तो गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळातच संपतो. पिशवी गळत नाही, आत शोषली जाते. त्यानंतर गर्भाशयाच्या भिंतीवर वाढलेल्या बारीक धाग्यांसारख्या झालरी एक दाट, स्निग्ध, प्रथिनयुक्त द्रव पाझरतात. शास्त्रज्ञ त्याला गर्भाशयातलं दूध म्हणतात. वार नाही, नाळ नाही. पिल्लं या दुधात बुडालेली असतात आणि ते तोंडाने पितात. पिल्लाच्या वाढीचा मोठा भाग या दुधावर होतो. पुष्कळ पाकटांमध्ये फक्त डावं गर्भाशय काम करतं, म्हणून भावंडं एकाच खोलीत दाटीने वाढतात.

हे प्रथम नीट पाहणाऱ्यांमध्ये आपल्याकडच्या समुद्रावर काम करणारी माणसं होती. जेम्स वुड-मेसन आणि आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९१ साली फुलपाखरी पाकटाच्या गर्भाशयाचं वर्णन प्रसिद्ध केलं. वुड-मेसन कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये होते, अल्कॉक 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावरचे डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक. त्यांना दिसलं की झालरींचे झुबके पिल्लाच्या डोळ्यांमागच्या छिद्रांतून थेट घशात उतरलेले आहेत. आई पिल्लाच्या घशात दूध सोडत होती. वर्गात हे सांगताना आजही माझा आवाज थोडा बदलतो.

आता पत्रकाकडे परत. पाकटाच्या पिल्लाच्या पोटाला पिशवी नसणं म्हणजे बलक संपला, इतकंच. दूध सुरू होतं की नाही, ते किती दिवस अजून मिळायचं होतं, हे त्यावरून कळत नाही. बाहेरून पुरं दिसणारं पिल्लू आतून अर्ध्या वाटेवर असू शकतं. विद्यार्थिनीने टेप लावून मोजलं तेव्हा पिल्लाची रुंदी १३ सेंटीमीटर भरली. या जातीची पिल्लं जन्मतात ती सुमारे १८ ते २० सेंटीमीटर रुंदीची. आकडा तिच्या वहीत होता, पण त्याची तुलना कशाशी करायची ते पत्रकात नव्हतं.

समोरचे पर्याय

वाळूवर त्या वेळी चार-पाच मतं एकदम बोलली जात होती. नंतर शांतपणे विचारल्यावर ती अशी वेगळी करता आली.

पहिलं मत मासळी विकणाऱ्या एका बाईचं. पिल्लं तिला हवी होती. बाळंतिणीला दूध यावं म्हणून लहान मोरी (मुशी), लहान पाकट खायला घालायची पद्धत या किनाऱ्यावर जुनी आहे. तिच्या लेखी यात वाईट काही नव्हतं, आणि तिच्या अनुभवाचा मान ठेवूनच हे सांगायला हवं की शार्क आणि त्यांच्या नात्यातल्या माशांच्या अंगात पारा साठतो, आईकडून तो पिल्लातही उतरतो. अमेरिकेतल्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क टाळायला सांगितलं आहे. या विषयावर बोलायला ती सकाळ योग्य नव्हती आणि कुणी बोललंही नाही.

दुसरं, पिल्लं समुद्रात सोडायची. पर्यटकांचा आग्रह हाच होता आणि पत्रकही तेच सांगत होतं.

तिसरं, समुद्राचं पाणी भरून टबात ठेवायची आणि कुठल्यातरी संस्थेला कळवायचं. हे ऐकायला जबाबदारीचं वाटतं. पण टबात घालायला गर्भाशयातलं दूध कुणाकडे नाही. काही आठवड्यांचं पोषण बाकी असलेल्या पिल्लाला कोळंबीचा चुरा देऊन जगवायचं म्हटलं, तरी त्याला लागणारी टाकी, गाळणी आणि जाणती माणसं तासाभरात उभी राहत नाहीत.

चौथा पर्याय कुणी पर्याय म्हणून मांडलाच नाही, तो हळूहळू पुढे आला: आधी आईला पाण्यात घालायचं.

या सगळ्याच्या मधे एका तरुणाने मादीच्या पोटावर हात ठेवून दाबायला सुरुवात केली. अडलेली पिल्लं मोकळी करावीत, असा त्याचा हेतू. अशा वेळी पोट दाबणं जगभर घडतं आणि ते घातक आहे. आत राहिलेलं पिल्लू आईसोबत समुद्रात गेलं तर त्याचं पोषण सुरू राहण्याची थोडी तरी शक्यता असते. दाबून काढलेल्या पिल्लाला ती शक्यताच उरत नाही. आईचे अंतर्गत अवयव दुखावतात ते वेगळंच. दुसरं पिल्लू या दाबण्याने बाहेर आलं. तांडेलाने त्या तरुणाचा हात धरून बाजूला केला.

माझ्या मते त्या सकाळचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो कुठल्याही पत्रकाशिवाय घेतला गेला. गाभण गुरांमध्ये वाढलेल्या माणसाला पोट दाबू नये हे वेगळं सांगावं लागत नाही.

काय केलं

पहिलं पिल्लू एका मुलाने लाटेत सोडलं. लाटेने ते परत आणलं. त्याने गुडघाभर पाण्यात जाऊन पुन्हा सोडलं, मग ते दिसेनासं झालं. दुसरं आणि पाठोपाठ आलेलं तिसरं पिल्लू विद्यार्थिनीने टबात ठेवलं. तिला शंका आली होती. पत्रक सोडा म्हणत होतं, पण लाटेबरोबर परत आलेलं पिल्लू तिने पाहिलं होतं. पंखांना जोर नव्हता. शेपटीवरचा काटा अजून मऊ आवरणात होता, पण तो जन्मतानाही तसाच असतो, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हतं. तिने मला फोन लावला. मी वर्गात होतो, फोन लागला नाही.

इथे तांडेल आणि तिच्यात जे बोलणं झालं, ते दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं आणि जवळपास सारखंच सांगितलं.

"बाय, तुका काय वाटता तां सांग, पण बेगीन सांग."

"काका, पिल्लांचं मला नक्की कळत नाही. पण आईला सोडता येईल का?"

"सोडूक येयत. पण वाटो माझ्या एकट्याचो नाय."

एवढं मोठं पाकट म्हणजे रापणीतल्या प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी. तांडेल जाळ्याचा मुख्य असला तरी दुसऱ्याच्या वाट्यातलं तो एकट्याने समुद्रात टाकू शकत नाही. टाकलं असतं तर पुढच्या वेळी दोराला माणसं कमी आली असती. एका पर्यटकाने खिशातून पैसे काढले आणि पाकट विकत घेऊन सोडतो म्हणाला. तांडेलाने ते नाकारले. कारण त्याने मला नंतर सांगितलं: आज पैसे घेतले तर उद्या कुणीतरी पाकट मुद्दाम वाळूवर ठेवील, सोडायचे पैसे मिळतात म्हणून. हा विचार त्या क्षणी, त्या गर्दीत त्याला सुचला, याचं मला फार कौतुक आहे. संवर्धनाच्या नावाखाली पैसे वाटणाऱ्या योजना नेमक्या इथेच फसतात.

त्याने दोराच्या दोन्ही रांगांना हाक मारून विचारलं. थोडी कुरबुर झाली. एका वयस्क रापणकाराने सांगितलं की गाभण जनावर विकून कुणाचं बरं होत नाही, आणि विषय मिटला. चौघांनी ओल्या गोणपाटावर मादीला घेतलं, शेपटी दुसऱ्या गोणपाटात गुंडाळून धरली आणि कमरेएवढ्या पाण्यात नेऊन ठेवलं. डोळ्यांमागच्या छिद्रांत बोटं घालून उचलायची सवय असलेल्या एकाला तांडेलाने वेळीच अडवलं. ती छिद्रं श्वासाची आहेत. मादी काही वेळ तळाशी पडून राहिली, मग पंखांच्या कडा हलल्या आणि ती खोल पाण्याकडे गेली.

तोपर्यंत ती जवळपास अर्धा तास वाळूवर होती.

परिणाम

टबातली दोन्ही पिल्लं दुपारपर्यंत मेली. मादीचं पुढे काय झालं हे कळायला तिच्यावर काही खूण नव्हती. पहिल्या पिल्लाचंही तसंच, पण १३ सेंटीमीटरच्या पिल्लाने लाटांमध्ये तग धरला असेल अशी आशा मला नाही.

विद्यार्थिनीने मेलेली पिल्लं बर्फात ठेवली, वनखात्याच्या कर्मचाऱ्याला फोटो पाठवून नमुना घ्यायला हरकत आहे का ते विचारलं आणि होकार आल्यावरच माझ्याकडे आणली. हा क्रम योग्य होता. काही शार्क आणि पाकटं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत, आणि यादीतली जात असेल तर मेलेला तुकडासुद्धा बाळगता येत नाही.

एक पिल्लू आम्ही उघडलं. बाहेर बलक नव्हताच, आतही त्याचा अवशेष उरला नव्हता. आतडं मात्र भरलेलं होतं. शार्क आणि पाकटांचं आतडं आतून जिन्यासारखं वळत जातं, आणि त्या प्रत्येक वळणात फिकट पिवळा, दाट, तुपकट द्रव होता. या पिल्लाने जन्मापर्यंत, म्हणजे ताणाने बाहेर फेकलं जाईपर्यंत, आईचं दूध प्यायलं होतं. यकृत लहान होतं. शार्क आणि पाकटं आपला चरबीचा साठा यकृतात ठेवतात. जन्मलेलं पिल्लू शिकार शिकेपर्यंत त्या साठ्यावर काढतं, आणि हा साठा भरायचं काम गर्भावस्थेच्या शेवटच्या टप्प्यातलं दूध करतं. याच्याकडे तो साठाच नव्हता.

विद्यार्थिनीने विचारलं, "सर, वजन करून आईने किती दिलं ते काढता येईल का?" काढता येत नाही, निदान एवढ्यावरून तरी नाही. त्यासाठी त्याच जातीच्या ताज्या अंड्याचं आणि पूर्ण वाढलेल्या पिल्लाचं सुकं वजन लागतं. ओलं वजन फसवतं. नुसत्या बलकावर वाढणारा गर्भसुद्धा पाणी शोषून जड होत जातो, आणि सुकवून पाहिलं तर त्यातलं सेंद्रिय द्रव्य सुरुवातीपेक्षा कमी भरतं, कारण वाढीच्या खटाटोपात साधारण पाचवा हिस्सा तरी जळून जातो. म्हणून ताजी पिल्लं तोलून "आई भरवते" असं म्हणणं धोक्याचं. आम्ही आतड्यातल्या द्रवाची नोंद केली, फोटो काढले आणि तिथेच थांबलो. अंडी मिळवण्यासाठी आणखी गाभण मादी शोधायच्या नाहीत, हे तिनेच आधी सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

घटनेनंतर काही दिवसांनी होडीच्या शेडमध्ये सगळे बसले. मलाही बोलावलं होतं. जे ठरलं त्यातलं बरंचसं तांडेल आणि रापणकारांकडून आलं.

सगळ्यात मोठी गोष्ट वेळेची. अर्ध्या तासातला बहुतेक वेळ पिल्लांभोवती गेला. पिल्लं हलतात, मन तिकडे ओढलं जातं, हे स्वाभाविक आहे. पण त्या वाळूवर वाचण्याची खरी शक्यता असलेला जीव एकच होता, तो म्हणजे मादी. बांगड्याची मादी एका हंगामात हजारोंनी अंडी सोडते. ही मादी एका वेळी दोन-चार पिल्लं देते आणि प्रत्येक पिल्लावर स्वतःच्या अंगातलं दूध खर्च करते. ही पिल्लं गेली तरी ती जगली तर पुढच्या खेपेला पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून नव्या पत्रकावर पहिली ओळ आईची आहे: गाभण दिसली की आधी तिला पाण्यात न्या, पोट दाबू नका, आत जे आहे ते तिच्यासोबत जाऊ द्या.

वाट्याचा प्रश्न त्यांनी ज्या पद्धतीने सोडवला ती मला कुठल्याही कार्यशाळेत सुचली नसती. रापणीत हिशोब वाळूवर आलेल्या मासळीचा होतो. जाळ्याची पिशवी कमरेएवढ्या पाण्यात असतानाच दोघांनी आत उतरून मोठं पाकट किंवा गिटारमासा आहे का ते पाहायचं, गाभण वाटली तर तिथूनच सोडायची. वाळूला न लागलेल्या मासळीवर कुणाचा वाटा नाही, त्यामुळे कुणाचं काही गेलं असं होत नाही. मादीचं पाण्याबाहेर येणंही टळतं, आणि गर्भपाताचं एक मोठं कारण तेच आहे. अडचण एकच: पिशवी पाण्यात असताना बाकीची मासळी निसटते. ती किती निसटते यावर अजून त्यांच्यात वाद आहे. गर्दीच्या तारल्यांच्या दिवशी हे पाळलं जाईल असं मला वाटत नाही, आणि तसं तांडेलही स्पष्ट म्हणाला.

पिल्लं वाळूवर आलीच, तर काय पाहायचं? इथे पत्रकाचे तीन भाग केले. गिटारमाशाला पिवळी पिशवी. मुशी-मोरीला छातीच्या परांमधली फट. पाकटाला पिशवी पाहायचीच नाही, रुंदी पाहायची. टेप नेहमी जवळ नसतो, म्हणून मापासाठी हाताची वीत ठरली. पिल्लू वितीहून बरंच कमी रुंद असेल तर ते अपुरं. त्याला पाण्यात सोडल्याने कुणाला बरं वाटत असेल तर सोडावं, पण ते वाचवलं असं समजू नये आणि त्यासाठी आईला थांबवून ठेवू नये.

यावर तांडेलाने लगेच बोट ठेवलं. "धाकट्या जातीचां पिल्लू पुरां वाढलां तरी चार बोटांचांच आसता." तो बरोबर होता. उथळ पाण्यातली बुटकी पाकटं स्वतःच जेमतेम वीतभर रुंदीची होतात, त्यांची पिल्लं वितीच्या मापात कधीच बसणार नाहीत. मग माप पिल्लाचं घ्यायचं की आईच्या तुलनेत घ्यायचं, यावर बराच वेळ गेला. शेवटी विद्यार्थिनीने पत्रकावर शेपट्यांची चित्रं काढली. पट्ट्यांची शेपटी आणि ठिपक्यांची पाठ असेल तर वीत लावायची. आई वीत-दीड वीत रुंद, तपकिरी, आखूड शेपटीची असेल तर चार बोटं. फुलपाखरी पाकटाची पिल्लं वितीएवढी किंवा जास्त रुंद असतात, तिथे वीतच. यात न बसणारी जात आली तर फोटो काढायचा, आईला सोडायचं आणि पिल्लांबद्दल काही ठरवायचं नाही.

जुनं पत्रक मुलांनी काढून टाकलं नाही. त्यावर गिटारमाशाचं चित्र काढून ते शेडमध्ये नव्याच्या शेजारी ठेवलं आहे.